मास्तरांनी गाडीचा भाव पाडला

मास्तरांनी आयुष्यात सांगितल्या भावाने एक वस्तू घेतली असेल तर शपथ! कापडाचा तागा असो की बटणांचं पाकीट, अर्धी किंमत बोलायची, दुकानदार हसला की पायरी उतरायची आणि मागून "अहो, या हो इकडे" अशी हाक येईपर्यंत सावकाश चालत राहायचं. चाळीस वर्षं ती हाक न चुकता आली होती.

या रविवारी त्यांना गाडी हवी होती. बुधवारी त्यांचं शिलाईचं दुकान कायमचं रिकामं करायचं होतं. जागामालकाने मुदतच दिली होती. त्याआधी अक्काला, म्हणजे थोरल्या बहिणीला, एकदा तिथे आणून मशीनवर बसवायचं होतं. मास्तरांच्या हातात पहिली सुई तिनेच दिली होती. ती शहराबाहेर, टेकडीवरच्या वृद्धाश्रमात राहायची. तिथून महिन्यातल्या एकाच रविवारी बाहेर न्यायची परवानगी. दुकान जाणार हे तिला सांगायचा मास्तरांना धीर होत नव्हता. एकदा मशीनवर बसली की सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं.

भाड्याच्या गाड्यांवर बोली लावायची साइट एका गिऱ्हाइकाने दाखवली. भाव आपण बोलायचा, कंपनीला पटला तर गाडी आपली. मास्तर हरखलेच. शुक्रवारी त्यांनी मोठ्या गाडीला अर्धा भाव लावला. बोली नाकारली गेली. मास्तरांनी शांतपणे कॉम्प्युटर बंद केला आणि फोन मशीनशेजारी ठेवून वाट बघत बसले.

"अहो, ती साइट आहे. ती कशाला हाक मारतेय तुम्हाला?" बायको म्हणाली. "मुकाट्याने पूर्ण भाडं भरा."

"थांब गं. येतील बघ झक मारत."

कोणी आलं नाही. शनिवारी दुपारी मास्तर पुन्हा बसले. नाकारलेल्या गाडीवर दुसऱ्यांदा बोली लावता येत नाही, गाडीचा प्रकार बदला, असं साइट म्हणाली. मास्तरांनी चिडून सगळ्यात लहान गाडी निवडली. क्षणात मंजूर! पैसे कापले गेले. आता रद्द नाही, बदल नाही.

"पाडला की नाही भाव?"

"आणि वन्संचा पाय?" बायकोने विचारलं.

ऑपरेशनपासून अक्काचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. मास्तरांच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांनी मोठ्या गाडीसाठी तीन ठिकाणी फोन केले, पूर्ण भाडं देतो म्हणाले, वर जास्तही देतो म्हणाले. रविवारच्या सगळ्या गाड्या गेल्या होत्या.

रविवारी मास्तर तीच लहान गाडी घेऊन वृद्धाश्रमात पोचले, तेव्हा अक्का सकाळपासून तयार होऊन दारात बसली होती. दोन सेविकांनी तिला पुढून बसवून पाहिलं, मागून पाहिलं, आडवं पाहिलं. पाय काही आत जाईना. काही सुचेना तेव्हा मास्तरांनी सवयीने गळ्यातली टेप काढून दार मापलं.

"किती कमी पडतंय?" अक्काने विचारलं.

"चार इंच."

"तुला शिकवलं होतं ना, शिवणीत आत माया ठेवावी म्हणून? म्हणजे मागाहून सैल करता येतं." ती हसली. मास्तरांना रडू आवरेना, म्हणून ते वाकून सीट मागे सरकवत राहिले. ती आधीच पार मागे होती.

"राहू दे रे. पुढच्या महिन्यात ने. दुकान काय पळून चाललंय?"

मास्तरांनी टेप गुंडाळली. पुन्हा उलगडली, पुन्हा गुंडाळली.

"मशीनला दोरा मात्र ओवून ठेव. मला आता दिसत नाही," अक्का म्हणाली.

"ठेवतो," मास्तर म्हणाले.