झोपलेला डोळा

मी पंचवीस वर्षं चादरींची नक्षी काढली. चौकटीच्या कागदावर अर्धा मोर काढायचा. उरलेला अर्धा विणताना मागावर आपोआप उलटा उमटतो. कागदावर एक चौकोन चुकला की प्रत्येक चादरीत तीच चूक. त्यामुळे माझ्या खिशात पेन्सिल नसली तरी खोडरबर असायचंच.

गेल्या वर्षी सोलापुरातल्या एका छोट्या संग्रहालयात प्राचीन चिनी भांड्यांच्या प्रतिकृती आल्या. त्यांच्यावरून बालवाडीच्या मुलांसाठी चित्रांचा उपक्रम तयार करायला मला बोलावलं. तीन पायांच्या एका काशाच्या भांड्यावर एक चेहरा होता. वटारलेले डोळे, शिंगं, खालचा जबडाच नाही. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या. ही तर आपलीच नक्षी, असं मला वाटलं. सवयीनं मी चौकटीवर अर्धा चेहरा काढला. उरलेला मुलांनी चौकोन मोजून भरायचा. पाच वर्षांची मुलं चौकोन मोजणार! चूक माझीच.

पहिल्याच दिवशी एका मुलीनं दुसऱ्या बाजूला डोळ्याऐवजी आडवी रेघ ओढली.

"डोळा कुठंय गं?"

"झोपलाय की ओ काका."

"आणि हा उघडा?"

"त्यो राखण करतोय. दोघं झोपले तर भांडं चोरतील की."

माझा हात खोडरबराकडे गेला. ते पाहून तिनं कागदावर दोन्ही पंजे पसरले.

असेच पंजे मी पूर्वी एकदा बाजूला सारले होते. माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिनं मोर काढला होता. त्याचा पाय मी तीनदा खोडला आणि शेवटी स्वतःच काढून दिला. पाय सुरेख झाला. त्यानंतर तिनं चित्र काढलं नाही. आज ती पुण्यात नोकरी करते, कुणाला रस्ता दाखवायला चार रेघा ओढायच्या असल्या तरी म्हणते, "मला नाही येत." हे माझ्या हातून झालंय. बायकोलाही मी ते कधी सांगितलं नव्हतं.

मी खोडरबर खिशात घातलं.

उद्घाटनाच्या सकाळी संग्रहालयाच्या मॅडम मुलांची बारा चित्रं बघून म्हणाल्या, "पाहुणे येतायत. ही वाकडी तोंडं भिंतीवर लावायची? तुमचा हात बसलेला आहे, तासाभरात नीट करून टाका."

"नाही करणार."

"मग मी दुसऱ्या कुणाकडून करून घेते."

"घ्या. मग फलकावरून माझं नाव काढून टाका, आणि पाहुण्यांना मीच दारात उभा राहून सांगेन की ही मुलांची चित्रं नाहीत."

"अहो, एवढ्याशा गोष्टीचा केवढा हट्ट!"

तेव्हा मी त्यांना मोराच्या पायाची गोष्ट सांगितली. त्यांनी चित्रं पुन्हा एकदा चाळली. मग म्हणाल्या, "निदान शिंगं तरी सरळ करा."

"शिंगंसुद्धा नाही."

बाराही चेहरे होते तसे लागले. झोपलेल्या डोळ्याचा फोटो मी मुलीला पाठवला. बऱ्याच वेळानं तिचं उत्तर आलं, "याला कुणी हात नाही लावला?"

"मी लावू दिला नाही," मी लिहिलं.

एका फोटोनं ते जुनं भरून निघत नाही, हे मला कळतं.

पुढच्या शनिवारपासून मी चौकटीचा कागद बंद केला. आता मुलं आधी भांड्यासमोर बसतात, मग कोऱ्या कागदावर त्यांना दिसेल तो चेहरा काढतात. टेबलावर खोडरबर ठेवायचं नाही, हा नियम मी केलाय. मॅडमना तो अजून पटलेला नाही. पाळावा मात्र लागतो.