आमच्या संघाला जावई पाहिजे

शेंगा फोडायला बसलं की टरफलांचा ढीग गुडघ्यापर्यंत कधी आला ते कळत नाही. आमच्या कबड्डीच्या किश्शांचं तसंच आहे. एक फोडला की दुसरा आपोआप हाताला लागतो.

आमचं गाव गंगाखेडच्या अलीकडं. शाळेच्या मागं मैदान, मैदानाला लागून पाण्याच्या टाकीचा ओटा. उन्हं कलली की आम्ही बाया तिथं बसतो. मांडीवर सूप, नजर मैदानावर. गडी म्हणतात, या बघायला येत नाहीत, नावं ठेवायला येतात. खरं आहे. नावं ठेवायला बघावं लागतं, म्हणून बघतो.

आता आधी गावाची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दसरा झाला की गावातली निम्मी जोडपी ऊसतोडीला जातात. त्यांच्याबरोबर निम्मा संघ जातो. चंपाषष्ठीला खंडोबाची जत्रा, जत्रेत कबड्डी, आणि आमच्या संघाला तोपर्यंत भोकंच भोकं. कधी कोपरा रिकामा, कधी कव्हर, कधी चढाई करणारा रेडरच नाही. बाहेरून भाड्यानं खेळाडू आणायला जत्रेत बंदी. खेळाडू गावचाच पाहिजे. पण जुन्या पंचांनी एक सवलत ठेवली आहे. गावचा जावई आणि गावचा भाचा, हे दोघं गावचेच धरायचे.

झालं. तेव्हापासून आमच्या गावात पोरींच्या सोयरिकी कबड्डी बघून जुळायला लागल्या.

त्यातला म्होरक्या माझा धाकटा दीर, बाबू. गाव त्याला कॅप्टन म्हणतं. गुडघा कामातून गेला तरी गळ्यातली शिट्टी गेली नाही. जत्रेची ढाल त्याच्या हाताला एकदाही लागलेली नाही. म्हणतो, "मी मेलो की ती ढाल माझ्या उशाला ठेवा."

मी म्हणते, "भावजी, आधी आणा तरी. उशाला काय, पायथ्यालाबी ठेवू."

*

एका साली डावा कोपरा रिकामा झाला. कोपऱ्यावरचा गडी म्हणजे रेडरचा घोटा धरणारा. तो नसला की सगळी फळी ढिली. माझ्याशेजारी ओट्यावर शांता बसते. तिच्या पोरीला स्थळं बघणं चालू होतं. कॅप्टन पालमकडं एक मॅच बघून आला ते थेट शांताच्या दारात.

"वयनी, पोरगी त्या घरात द्या. काय घोटा धरतो पोरगा! धरला की सुटतच न्हाई."

शांताच्या नवऱ्यानं चौकशी केली. घर चांगलं, कोरडवाहू असली तरी जमीन आहे, पोरगा निर्व्यसनी. लग्न ठरलं. मंडपात मंगलाष्टकं झाली, अंतरपाट खाली आला, आणि कॅप्टन पहिल्या रांगेतून ओरडला, "हा तो न्हाई!"

वाजंत्री थांबली. शांताचा नवरा पांढराफटक. भटजींच्या हातातल्या अक्षता हातातच.

"आवो, पोरगा तोच हाय," कॅप्टन म्हणाला, "खेळाडू तो न्हाई."

घोटा धरणारा होता थोरला भाऊ. त्याचं लग्न कधीच झालेलं. तो मागं लेकराला खांद्यावर घेऊन उभा. धाकटा, म्हणजे आमचा जावई, मॅचच्या वेळी फळ्यावर खडूनं पॉइंट लिहितो.

आता तो जत्रेत आमच्या गावाचे पॉइंट लिहितो. एकदा पंचाच्या नजरेतून समोरच्यांचा एक पॉइंट सुटला, तर यानं उठून सांगितला. आम्ही तेवढ्या एकानं हरलो.

शांता म्हणते, "जावई सोन्यासारखा हाय."

कॅप्टन म्हणतो, "सोन्यानं पकड होत न्हाई."

*

जावयाचं असं झालं म्हणून कॅप्टन भाच्यांकडं वळला. माझी नणंद येलदरीला दिली आहे. तिचा पोरगा रामू धरणात मासेमारी करतो. जाळं तळाला अडकलं की बुडी मारून सोडवतो. कॅप्टननं ते ऐकलं आणि त्याला झोप येईना. कबड्डीत एका दमात "कबड्डी कबड्डी" म्हणत जायचं असतं. दम म्हणजे निम्मा रेडर.

रामूला आणला. छाती अशी की आम्ही बायांनी सूप खाली ठेवलं.

पहिलीच चढाई. रामू आत गेला, एकाला शिवला, दुसऱ्याला शिवला, फिरला, हसत परत आला. गाव नाचायला लागलं. पंचानं हात वर करून रामूलाच बाद दिला.

कॅप्टन पंचाच्या अंगावर धावला. पंच शांतपणे म्हणाला, "कबड्डी कुठं म्हणाला तो? तोंड मिटून गेला आन् तोंड मिटून आला."

कॅप्टन रामूवर फिरला. "काहून रे?"

रामू माझ्याकडं बघून म्हणाला, "मामी, दम धरल्यावर तोंड उघडायची सवय न्हाई मला. पाणी जातं."

*

आता रेडरविषयी माझं मत ऐका. मी चौथी शिकलेली, पण बोलायला कुणाच्या बापाला भीत नाही. बाकीचे सहा म्हणजे सरपण. रेडर म्हणजे काडी. काडीशिवाय चूल पेटत नाही, हे मान्य. पण काडीचं काम चूल पेटवायचं आहे, छप्पर नाही.

आमच्या गावचा स्वतःचा रेडर म्हणजे दत्तू. अंगानं चपळ, केसाला जेल, आणि एक नजर कायम मोबाईलवाल्याकडं. एकदा सेमीफायनलला आम्ही एका पॉइंटनं पुढं. शेवटची चढाई दत्तूची. फक्त जायचं, रेषा ओलांडून हजेरी लावायची आणि परत यायचं. पोस्टमनसुद्धा करील. पण समोर पोरं व्हिडिओ काढायला लागलेली. दत्तू बोनसचा जादा पॉइंट घ्यायला आत घुसला, मग एकाला लाथ दाखवली, मग दुसऱ्याला. तिसऱ्यानं त्याला असा दाबला की नुसता जेल दिसत होता. समोरच्यांना पॉइंट. बरोबरी झाली, आणि जादा वेळेत आमचा निकाल लागला.

तो ओट्यापुढून जाताना मी विचारलं, "दत्तू, व्हिडिओ चांगला आला का?"

पोरगं रडकुंडीला आलं. माझ्या पलीकडं त्याची माय बसलेली, हे माझ्या ध्यानात नव्हतं. आता भांडण होणार म्हणून मी पदर खोचला.

ती म्हणाली, "बरं झालं बाई तुमी बोललात. मला घरात परत भाकरी करून घालायची असती."

*

त्याच आठवड्यात कॅप्टन माझ्या घरी आला. चहा घेतला, खारी घेतली, आणि म्हणाला, "वयनी, सुनीचं काय ठरवलं?"

सुनी माझी लेक. गंगाखेडला शिवणकाम शिकून आलेली, गावातले सगळे ब्लाऊज तिच्याकडं. मी ओळखलं.

"कोणती जागा खाली हाय?" मी विचारलं.

"रेडर," तो म्हणाला. लाज नाही, काही नाही. "पूर्णेजवळचा पोरगा हाय. विलास नाव. जंक्शनला रुळाच्या कामावर हाय. वयनी, असा रेडर..."

"भावजी, माझी लेक म्हणजे तुमच्या संघाला पडलेल्या भोकाचं ठिगळ न्हाई. उठा."

उठला. पण जाता जाता उंबऱ्यात म्हणाला, "एवढी एक ढाल बघून मेलो असतो."

मी विळी उचलली तेव्हा गेला. आतून मशीन थांबल्याचा आवाज आला. सुनी म्हणाली, "माय, बघून तर येऊ. लग्नासाठी न्हाई. मॅच बघायला."

मायलेकी एसटीनं पूर्णेला गेलो. कुणाला सांगितलं नाही. गर्दीत बसलो. विलास अंगानं बारका, केस साधे. सुरुवातीला काही विशेष वाटेना. मग कळलं, हा बघत असतो. समोरचा कोण दमला, कोण रागावला, कुणाचा हात धरलेला सुटला, तिकडंच जातो. एक एक पॉइंट, पदरात धान्य घ्यावं तसा घेऊन येतो.

शेवटची चढाई त्याची. संघ एका पॉइंटनं पुढं. अगदी दत्तूसारखी वेळ. लोक ओरडायला लागले, "घुस! घुस!" हा गेला, कबड्डी म्हणत रेषेपाशी इकडून तिकडं फिरला, पाय टेकवला, परत आला. मॅच जिंकली. लोकांनी शिट्या मारल्या, "पळपुटा" म्हणाले. यानं पाण्याची बाटली उघडली आणि प्यायला.

मी सुनीकडं बघितलं. सुनी माझ्याकडं बघतच होती.

"पुढं असताना गपचूप घरी येणारा माणूस," मी म्हणाले. "असं तुझ्या बापालाबी जमलं न्हाई."

*

बघायचा कार्यक्रम झाला. पाहुणे बसले, पोह्याच्या ताटल्या आल्या. पोरीला प्रश्न विचारायचे असतात, पण कॅप्टनच पोराला विचारायला लागला. उजवीकडून जाता का डावीकडून? बोनस कोणत्या पायानं? पोराची आई बिचारी हुंडा मागायचा नाही, हे सांगायला तोंड उघडायची आणि मिटायची.

शेवटी सुनीच म्हणाली, "मला एक इचारायचंय."

ती विलासकडं वळली.

"लग्न झाल्यावर जत्रेत कुणाकडून खेळणार? इकडून का तिकडून?"

विलासनं कॅप्टनकडं बघितलं. कॅप्टन इतका वाकला होता की पोहे सांडले. विलासनं मग सुनीकडं बघितलं.

"माझ्या गावाकडून," तो म्हणाला.

कॅप्टननं ताटली खाली ठेवली.

सुनी म्हणाली, "मग मला पसंत हाय."

कॅप्टननं शपथ घेतली, लग्नाला येणार नाही. जेवणाची पहिली पंगत बसली तेव्हा मात्र सगळ्यात पुढं तोच. आणि मी न् माझा मालक जावयाचे पाय धुवायला बसलो तेव्हा माझ्या खांद्यावरून वाकून कानात म्हणाला, "वयनी, घोटे नीट बघून घ्या. एखादा सुजलेला असंल."

मी त्याला कोपर मारलं. पण बघितलं. एक सुजलेला होता.

जुनं दुखणं दिसत होतं. कोणता पाय, ते मी मालकालाही सांगितलं नाही. सासूनं पाय धुताना बघितलेलं सासूच्या पोटात राहतं. लेक त्या घरात नांदायची आहे. आई आपल्या जावयाचा घोटा गावाला विकती, असं तिच्या सासरी कुणी बोललं, तर ती मान वर करून कशी राहील?

*

आणि जत्रेत व्हायचं तेच झालं. फायनल. आमचं गाव आणि जावयाचं गाव.

मैदानाला दोन बाजूंनी बाया. इकडं आमचा ओटा. पलीकडं सतरंजीवर पाहुण्यांकडच्या बाया, त्यांच्यात डोक्यावर पदर घेतलेली माझी सुनी. तिच्या शेजारी तिची सासू, आमच्या विहीणबाई. सुनी मॅचभर खाली बघून बसली होती. आमचा पॉइंट झाला तरी हलली नाही, त्यांचा झाला तरी हलली नाही. शांता म्हणाली, "पोरगी सासरी गेली की मुकी होती बघ."

जावईबापूंनी दोन्ही घोट्यांना सारखीच पट्टी बांधली होती. हुशार माणूस. दुखरा पाय कोणता ते दिसूच नये.

दत्तूला त्या दिवशी मी सकाळीच दम दिला होता. पोरगं शहाण्यासारखं खेळलं. शेवटच्या चढाईला आम्ही एका पॉइंटनं पुढं होतो. चढाई जावयाची. आणि आमच्या डाव्या कोपऱ्यावर कोण? माझा थोरला, गजानन. सुनीचा दादा. यंदा तोडीला गेला नव्हता.

कॅप्टन लंगडत ओट्यापाशी आला. चेहरा असा की दवाखान्यातून निरोप आलाय.

"वयनी. तुमी पाय धुतलेत. कोणता?"

"मला म्हाईत न्हाई."

"वयनी, आयुष्यात दुसरं काही मागणार न्हाई. डावा का उजवा, एवढंच."

"भावजी, ती तिकडं बसलीय," मी म्हणाले. "माझं तोंड शिवलंय."

गजानन माझ्याकडं बघत होता. मी सुपातल्या शेंगांकडं बघितलं. उगाच पाखडायला लागले.

शिट्टी झाली. जावईबापू आत आले. आमच्या फळीकडं बघितलं, कोण दमलंय ते हेरलं, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. गजाननच्या बाजूला वळले. गजानन वाकला, पण कोणता पाय धरावा ते त्याला कळेना. जावई फिरायला लागले.

तेवढ्यात पलीकडच्या सतरंजीवरून आवाज आला. डोक्यावरचा पदर खांद्यावर, विहीणबाईंच्या हातातला हात सोडवून घेतलेला, सुनी उभी.

"दादा, डावा धर! रातीच शेकलाय मी!"

*

संध्याकाळी ढाल आमच्या घरात होती. कॅप्टन तिला मांडीवर घेऊन भिंतीशी बसला होता. पंगतीला जावईबापू पाटावर, एक पाय लांब करून. विहीणबाई शेजारी. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मी पुरणपोळीवर तूप वाढलं, ते ताटाबाहेर गेलं.

सुनी तव्यावर फडकं गरम करून घेऊन आली. पाटापाशी बसली आणि विचारलं, "शेकू का?"

जावईबापूंनी आधी गजाननकडं बघितलं, मग कॅप्टनकडं, मग माझ्याकडं.

"शेक," ते म्हणाले. "पण आता कोणता, ते कुणाला सांगू नको."