न सुधारलेली चूक

पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात बावीस वर्षं काढलेल्या सिस्टरबाईंना घरात मात्र काडीची किंमत नव्हती. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमच्या सूनबाई माणसाचं तोंड बघून दुखणं ओळखतात. पण डब्यातलं मीठ संपलंय, हे डब्यात डोकं घातलं तरी त्यांना कळत नाही."

सिस्टरबाई हसून सोडून देत. डबा काही कण्हत नाही, आणि त्यात डोकावायला घरात आणखी तीन डोकी आहेत, असं त्यांचं म्हणणं.

वॉर्डातही हल्ली त्यांची जरा थट्टाच चालली होती. आठवड्यापूर्वी पाच नंबरच्या पेशंटचा चेहरा त्यांना ठीक वाटेना, म्हणून त्यांनी सर्जनना जेवणावरून उठवून आणलं. डॉक्टरांनी हात धुतले, पेशंटला वरपासून खालपर्यंत तपासलं, आणि निघालं काय, तर तो मेव्हण्याशी फोनवर भांडून बसला होता. त्या दिवसापासून डॉक्टर त्यांना 'अलार्मबाई' म्हणू लागले, तेही सगळ्यांसमोर. सिस्टरबाईंनी वरवर हसून घेतलं, पण ते लागलं होतं.

आणि अशातच नऊ नंबरला आले लाल पेनकाका.

काका छापखान्यात लाल पेनाने प्रुफं तपासण्यात जन्म घालवून निवृत्त झालेले. आतड्याचं ऑपरेशन झालं, शुद्धीवर आले, आणि पहिलं वाक्य बोलले ते पाणी मागण्याचं नव्हे. समोरच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "'शांतता राखावि' नाही हो. वी दीर्घ!" दोन दिवसांत त्यांनी झाडूवाल्या मावशींपासून भूलतज्ज्ञांपर्यंत सगळ्यांचं बोलणं सुधारायला घेतलं. सिस्टरबाईंना तर दिवसातून चारदा ऐकावं लागे. त्यांना जन्माची सवय, "सलाईन संपली." काका डोळे मिटलेल्या अवस्थेतही बजावत, "संपलं. सलाईन संपलं! ती काय तुमची नणंद आहे?"

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरबाई कामावर आल्या. सकाळच्या नर्सने नऊ नंबरचा रिपोर्ट दिला तो पाच शब्दांत, "एकदम शांत. काही त्रास नाही."

काकांची बायको खुर्चीत बसून स्वेटर विणत होती. तिचा चेहरा फुललेला होता. "सिस्टर, तुम्ही ह्यांना काय औषध दिलंत हो? सकाळपासून किती शहाण्यासारखे वागतायत! चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझं वाक्य मला पुरं करू दिलं."

बाटली बदलता बदलता सिस्टरबाई सवयीने म्हणाल्या, "चला काका, ही पण सलाईन संपली."

काका म्हणाले, "बरं."

सिस्टरबाईंचा हात नळीवरच थांबला. त्यांनी तक्ता पाहिला. ताप नाही. रक्तदाब ठीक. नाडी थोडी जलद, पण ऑपरेशननंतर तेवढी असतेच. श्वास मिनिटाला अठरा. सकाळी अठरा, काल अठरा, परवाही अठरा. माणसाचा श्वास इतका शिस्तीचा नसतो, हे सिस्टरबाईंना माहीत होतं. न मोजता लिहिलं की तो अठराच भरतो.

त्या काकांच्या तोंडाजवळ वाकल्या आणि मुद्दाम म्हणाल्या, "काका, तुमचा बायको आला आहे. केव्हाचा बसला आहे."

बायकोचा टाका सुटला. काकांनी डोळे उघडून सिस्टरबाईंकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटले. "हो का. बसू दे."

मग सिस्टरबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, काकांच्या छातीवर हलका हात ठेवून, पुरं एक मिनिट श्वास मोजला. अठ्ठावीस. लघवीच्या पिशवीत सकाळपासून जेमतेम कपभर. पोटाला हात लावला, तर ते कालच्यापेक्षा ताठ, आणि काकांच्या कपाळाला आठी.

डॉक्टरांना बोलवावं तर आठवड्यात दुसरी हाक. पुन्हा काही निघालं नाही, तर पुढच्या वेळी आपण बोलावल्यावर कोण धावत येणार? तासभर वाट बघून पुन्हा तपासावं, हाही एक सरळ रस्ता होता. पण त्या तासात काकांचं काय होईल, ते त्यांना नक्की सांगता येईना. त्यांनी फोन उचलला.

"काय अलार्मबाई," पलीकडून आवाज आला, "आज कोणाचा मेव्हणा?"

"नऊ नंबर, डॉक्टर. श्वास अठ्ठावीस, स्वतः मोजलाय. लघवी कमी, पोट ताठ."

"ताप?"

"नाही."

"पेशंटची तक्रार काय?"

"काहीच तक्रार नाही. हीच तर माझी तक्रार आहे. मी त्यांच्या बायकोला पुल्लिंगी केलं, तरी ते गप्प बसले."

काकांची बोलणी डॉक्टरांनीही खाल्ली होती. "आलोच," ते म्हणाले.

आले, पोट दाबून पाहिलं, आणि थट्टेचा शब्द न काढता कामाला लागले. रक्त गेलं तपासायला, औषधं सुरू झाली, पोटाचा फोटो निघाला. आतड्याचा एक टाका आत सुटला होता आणि विष भिनायला लागलं होतं. दिवे लागायच्या आत काका पुन्हा ऑपरेशनला गेले. स्वेटर पोटाशी धरून बाकावर बसलेली बायको सिस्टरबाईंना म्हणाली, "आणि मी मेली खूश होऊन बसले होते!"

"तुमचं काय चुकलं? सकाळच्या आमच्या माणसांनासुद्धा त्यांचं गप्प राहणं आरामाचंच वाटलं," सिस्टरबाई म्हणाल्या. डॉक्टर बाहेर येऊन "वेळेत सापडलं" म्हणेपर्यंत त्या तिथेच थांबल्या. ड्यूटी केव्हाच संपली होती. त्या दिवशीही मीठ आणायचं राहिलंच.

दहाव्या दिवशी काका वॉर्डात परतले होते, उशीला टेकून बसत होते. डॉक्टरांकडून त्यांना सगळी हकीकत कळली होती. त्यांनी सिस्टरबाईंकडे हट्ट धरला, "त्या दिवशी माझ्याबद्दल काय लिहिलंत, ते मला बघायचंय."

सिस्टरबाईंनी ड्यूटीची वही आणली. काकांनी चष्मा लावून वाचलं, 'पेशंट शांत. बोलण्यातल्या चुका दुरूस्त करत नाही. डॉक्टरांना कळवले.'

ओळीवर बोट ठेवून त्यांनी ती पुन्हा वाचली. मग बायकोकडे हात पुढे केला. तिने मुकाट्याने पिशवीतून लाल पेन काढून दिलं.

"'दुरुस्त'मधला रु ह्रस्व," काका जड आवाजात म्हणाले, आणि खूण केली. "बाकी मजकूर अगदी बरोबर आहे."

"अहो, सरकारी वही आहे ती!" बायको ओरडली.

"असू दे," म्हणत सिस्टरबाईंनी वही मिटली, आणि वर बाटलीकडे पाहिलं. "बघा, ही पण सलाईन संपली."

"संपलं!" काका कडाडले. "कधी सुधारणार हो तुम्ही?"

"नाही सुधारणार, काका. ही चूक आता माझ्या कामाची आहे," सिस्टरबाई म्हणाल्या, आणि घड्याळाकडे बघत काकांचा श्वास मोजू लागल्या. सोळा भरला. त्यांनी सोळाच लिहिला.