यात माया नाही

मी ब्लाउज उलटा केला आणि आतली शिवण बघितली. समोर निर्मलाबाई उभ्या होत्या, मागे त्यांची मुलगी रोशनी. दुसऱ्या दिवशी रोशनीचं लग्न. बौद्ध पद्धतीचं, म्हणून पांढरी साडी तयार होती, पण मोबाइलवरून मागवलेला रेडिमेड ब्लाउज काखेत दाटत होता. हूक लागत नव्हते.

मोहाडीत आमच्या बायकांच्या गटाचं जुन्या कपड्यांचं सेंटर आहे. मी तिथे शिवते. आधी लोक नको झालेले कपडे नाल्यात टाकायचे, नाही तर जाळायचे. आताचं कापड नीट जळतही नाही, प्लास्टिकसारखं वितळतं आणि घसा धरतो. आता ते कपडे आमच्याकडे येतात. धड असतील ते दुरुस्त करून पुन्हा वापरात देतो, बाकीच्यांची पायपुसणी. अल्टरचं कामही घेतो.

"थोडा ढिला करून द्या," निर्मलाबाई म्हणाल्या.

मला लोकांसमोर बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. तरी म्हटलं, "बाई, यात मायाच नाही."

त्यांचा चेहराच उतरला. "माया नाई म्हनजे? धानाच्या चिखलात वाकून वाकून पोरीचं लगन करून राहिली मी. अन् तुमी मलेच म्हनता, माया नाई?"

गटाच्या शेवंताताईंनी हसत समजावलं. माया म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेलं जादा कापड. अंग भरलं की उसवून तेवढं सोडता येतं. रेडिमेडमध्ये कापड वाचवायला अगदी काठावर शिवून कडेला ओव्हरलॉकची दोऱ्याची वीण मारतात. सोडायला काही उरत नाही.

काखेत कळी, म्हणजे छोटा तुकडा, घालता आला असता. निर्मलाबाईंनी दुकानातून कापड आणलंही होतं. पण ते निळसर आणि ब्लाउज दुधी. हात वर केला की लगेच दिसलं असतं.

मी गठ्ठे उपसायला लागले. पांढरं दिसेल ते ओढायचं, उलटं करायचं, टाकायचं. सगळं पिवळं पडलेलं. शेवटी लहान मुलीचा एक सुती फ्रॉक हाती आला. तोही वरून पिवळट. पण पोर वाढेल म्हणून कोणी तरी खालच्या घेरात चार बोटं माया दुमडून ठेवली होती. उसवली तर आतलं कापड कोरं, दुधी.

निर्मलाबाईंनी फ्रॉक हातात घेतला. बराच वेळ उसवलेल्या जागेवर बोट फिरवत राहिल्या.

"कोनी सोडलीच नाई हे," त्या हळूच म्हणाल्या. "पोर वाढली नाई काय मंग?"

कपडे कोण आणून टाकतं, आम्ही विचारत नाही.

रोशनीनं आईच्या हातातून फ्रॉक काढून माझ्यापुढे ठेवला. "नवा घेतला असंल, आई. आता कोन उसवत बसते? लावा तुमी."

मी कळ्या बसवल्या. आत बोटभर माया ठेवली. लग्नात मंडपात मागे बसले होते. रोशनीनं हार घालायला हात उचलले तेव्हा माझं लक्ष फक्त काखेकडे. शिवण टिकली.

बाळ झाल्यावर ती तोच ब्लाउज घेऊन आली. या वेळी मला काही बोलावं लागलं नाही. उसवला आणि माया सोडली.

तो फ्रॉक कोणाचा, ते कळलं नाही. तेव्हापासून गठ्ठ्यात लहान मुलांचा कपडा आला की मी आधी त्याचा घेर बघते. उसवल्याची जुनी खूण दिसली की बरं वाटतं. फार कमी दिसते.