मिरची केव्हाच मेली

शेरूने आज टेकडीवर तितराची मान मोडली. मन शांत व्हावं म्हणून मी रोज सकाळी त्याला तिथे नेते. झुडपात पंख फडफडले आणि हा रक्ताळलेल्या तोंडाने, शेपटी हलवत आला. पक्षी त्याने माझ्या पायाशी ठेवला. मी हातातल्या साखळीनेच त्याला झोडपलं, तो आडवा पडेपर्यंत.

घरी येऊन ठेचा करायला घेतला. भाजलेल्या मिरच्या, लसूण आणि मीठ तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडायचं असतं. मी रगडत नव्हते, हाणत होते. सासूबाई खोकत म्हणाल्या, "अगं, मिरची केव्हाच मेली. आता तव्याला तरी सोड!"

खोटं कशाला बोलू, हाणून बरं वाटलं होतं. मग विणायला बसले, आणि टाक्याटाक्यात सुई खुपसताना मन आणखी निवत गेलं. माझी शांती अशीच येते, काहीतरी ठेचून, भोसकून. शेरूचीही तशीच येत असेल. त्याने निदान ती मला आणून दिली होती.

आता तो पायाशी पडलाय. लोकर ओढायला मी हात वर केला, तर त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.