कुमुदिनीकाकूंची तुंबलेली मोरी

कुमुदिनीकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे फक्त पाय दिसत होते. बाकीच्या काकू ओट्याखाली शिरल्या होत्या.

"कोण आहे?"

"मी निहार. खोलीसाठी फोन केला होता."

"पान्हा दे."

मी जे हाताला लागलं ते दिलं.

"ही सांडशी आहे. काय शिकलायस?"

"एम. ए. मराठी."

ओट्याखालून एक हात आला आणि सांडशी परत देऊन गेला.

"असू दे," काकू म्हणाल्या. "खोली मागे आहे. बघून घे."

त्याला आता दोन वर्षं झाली. मी परभणीहून दिल्लीला स्पर्धा परीक्षांसाठी आलो आणि मयूर विहारला काकूंच्या तळमजल्यावर राहिलो. अजून पास झालेलो नाही. पान्हा मात्र ओळखतो.

काकू अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. लग्न होऊन साताऱ्याहून फरीदाबादला आल्या. तिथे एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये सव्वीस वर्षं काढली. व्हॉल्व्ह, बोल्ट, वॉशर, पाईपची वाकणं त्यांच्या हातून गेली. अंधारात बोट फिरवून वॉशरचा आकार सांगतात. नवरा आठ वर्षांपूर्वी गेला. त्याच्याबद्दल फार बोलत नाहीत. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "चांगला होता. गळत नव्हता."

नोकरी सुटल्यावर त्यांनी मयूर विहारला येऊन मेस सुरू केली. महाराष्ट्रातून आलेली बावीस पोरं दोन वेळा जेवतात. वरण, भात, पोळी, भाजी आणि फुकट शिव्या.

इमारतीत कुणाचंही पाणी अडलं, गळलं, आटलं की लोक आधी काकूंकडे येतात. मग सोसायटीच्या मिस्त्रीला बोलावतात. म्हणजे काम काकू सांगतात आणि मान मिस्त्रीला. चौथ्या मजल्यावरची वल्लरी, नोएडाला आयटीत आहे, एकदा रडत आली. भिंतीला ओल आली होती.

"दिवसभर सारखीच ओली असते की अंघोळ झाल्यावर वाढते?" काकूंनी विचारलं.

"यार काकू, मी कुठे बघत बसू?"

"बघ. सारखी असेल तर नळाचा पाईप फुटलाय, त्यात सतत पाणी असतं. अंघोळीनंतर वाढत असेल तर सांडपाण्याचा. त्याआधी कुणाला टाइल फोडू देऊ नकोस. मिस्त्रीला फोडायला आवडतं."

वल्लरीच्या नळाला धार येत नव्हती, तेव्हाही त्यांनी मोटर बघितली नाही. नळाच्या तोंडाची जाळी काढली, व्हिनेगरमध्ये टाकली. दिल्लीचं पाणी जड. क्षार साचून जाळी पांढरी झाली होती. तासाभराने धार आली. वल्लरी काकूंच्या पाया पडली. काकू म्हणाल्या, "पाया नको पडूस. महिन्यातून एकदा जाळी धू."

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग गणपती गेले आणि आठ दिवसांनी काकूंची मोरी उलटी वाहू लागली.

वर कुणी अंघोळ केली की खाली आमच्या बाथरूमच्या जाळीतून पाणी वर यायचं. करडं, फेसाळ. कधी लांब केस. कधी दुसऱ्याच्या शाम्पूचा वास. शेजाऱ्यांबद्दल इतकं जाणून घ्यायची माझी इच्छा नव्हती.

मिस्त्री आला. त्याने जाळीकडे दुरून पाहिलं.

"आंटी, तेल है. मेस का तेल जम गया."

त्याने मोरीत ॲसिडची बाटली ओतली. आम्ही दोन तास खोकलो. पाणी तसंच राहिलं. काकूंनी त्याला जे सुनावलं त्यातले अर्धे शब्द मी साहित्यात कुठे वाचले नव्हते.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली. सेक्रेटरी पद्माकरराव दुसऱ्या मजल्यावर राहतात. विम्यातून निवृत्त. मराठी शुद्ध लिहितात. "तळमजल्यावरील मेसच्या तेलामुळे सांडपाण्याची वाहिनी तुंबली आहे. रविवारी सकाळी अकरा वाजता पार्किंगमध्ये सभा. विषय : मेस कायमस्वरूपी बंद करणे."

काकूंनी ती दोनदा वाचली. मग पोळ्या लाटायला बसल्या. त्या दिवशी पोळ्या जाड झाल्या.

"बंद झाली तर?" मी विचारलं.

"तर पुणे. मुलगा दोन वर्षं बोलावतोय. हॉलमधला दिवाण माझा. सकाळी नातवाला बसथांब्यावर सोडायचं, दुपारी आणायचं. मागच्या वेळी गेले तर नळ ठिबकत होता. हात लावला, तर सून म्हणाली, आई, राहू द्या, ॲपवरून माणूस बोलावलाय." त्यांनी लाटणं ठेवलं. "एका वॉशरसाठी ॲप."

पुढे शिवी आली नाही. आली नाही म्हणून मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मागच्या भिंतीपाशी नेलं.

"हे दोन जाड पाईप दिसतात? एक संडासाचा. त्याला काही झालेलं नाही. दुसरा अंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याचा. चारही मजले त्याच्यावर. आपली मोरी त्याच्या पायथ्याला जोडलीय. म्हणून वरच्यांचं पाणी आपल्याकडे चढतं. आता हा बारका पाईप बघ. आपल्या ओट्याचा. हा कुठे जातो?"

मी बोटाने माग काढला. तो जाड पाईपला शिवतच नव्हता. सरळ अंगणातल्या चेंबरमध्ये जात होता.

"ओटा भडाभडा रिकामा होतोय," काकू म्हणाल्या. "मोरी तुंबलीय. माझं तेल त्या पाईपमध्ये जाणार कसं? उडत?"

"मग हेच सांगा ना पद्माकररावांना."

"सांगितलं. म्हणाले, मिस्त्री तज्ज्ञ आहे."

"मग?"

"मग उघडायचं."

जाड पाईप जमिनीपाशी वळतो. त्या वाकणावर एक लोखंडी झाकण असतं, चार बोल्टांचं. इमारत बांधल्यापासून कुणी उघडलं नव्हतं. काकू दोन दिवस त्या बोल्टांवर मोहरीचं तेल सोडत होत्या. "घ्या," म्हणाल्या, "आता खरंच मेसचं तेल लागलं पाईपला."

शनिवारी सकाळी मी चारही मजल्यांवर बेल वाजवून आलो. अर्धा तास पाणी सोडू नका, सगळ्यांना सांगितलं. सगळे हो म्हणाले. पद्माकररावांनी दार उघडलं नाही. आतून फक्त "बरं" आलं.

"बाजूला उभा राहा," काकू म्हणाल्या. "झाकणासमोर नाही."

"का?"

"पाईपमध्ये मोरीपर्यंत पाणी अडून उभं आहे, म्हणून."

त्यांनी आधी फक्त खालचे दोन बोल्ट ढिले केले. फटीतून पाणी बादलीत झिरपू लागलं. दोन बादल्या भरल्या. मग धार थांबली, झाकण निघालं, आणि मी कुतूहलाने समोर गेलो.

त्याच क्षणी वरून गरम पाणी आलं. माझ्या छातीवर.

काकूंनी हवा हुंगली. "चंदन साबण. पद्माकरराव. नऊ वाजले वाटतं."

मी पुसत उभा राहिलो. काकूंनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठभर गाळ बाहेर काढला. राखाडी. त्यांनी तो बोटांत चोळला, वास घेतला. मी तोंड फिरवलं.

"तेल नाही. तेल थिजलं की पांढरं होतं, चिकटतं, आंबूस वास मारतं. हे निसटतंय."

"सिमेंट असेल."

"सिमेंट बोटाने निघतं का रे?" त्यांनी पुन्हा चोळलं. चोळता चोळता त्यांचा हात थांबला. "शाडू आहे."

मग त्या नुसत्या काढत राहिल्या. एक घमेलं भरलं. त्यात जानव्याचा दोरा निघाला. दूर्वांची जुडी निघाली. शेवटी एक उंदीर निघाला. अर्धा. शेपूट नव्हतं.

"बाप्पा," मी म्हणालो.

"बाप्पा नाही. त्याची गाडी. बाप्पा पुढे गेला असेल."

यमुनेत विसर्जनाला बंदी आहे. म्हणून पद्माकररावांनीच सगळ्यांना शाडूची मूर्ती आणून बादलीत विसर्जन करायला सांगितलं होतं. चांगला विचार होता. मूर्ती बादलीत विरघळते. पुढे बादलीचं काय करायचं, हे सूचनेत नव्हतं.

काकू माझ्याकडे बघत होत्या.

मेसच्या पोरांनी दीड दिवसाचा गणपती बसवला होता. बादली माझ्याकडे होती.

"आपला कुठे सोडलास रे?"

"मोरीत."

"कुंडीत घाल म्हटलं होतं."

"कुंडी पायऱ्यांपाशी आहे, काकू. लोकांचे पाय लागतात. पायदळी जायला नको म्हणून..."

"म्हणून मोरीत."

"मोरीच्या पाईपमध्ये संडासाचं नसतं ना. तुम्हीच मागे एकदा सांगितलं होतं. आणि शेवटी सगळं यमुनेलाच जातं."

यावर काकूंनी जी शिवी दिली तीत माझी पदवी, माझं विद्यापीठ आणि परभणी जिल्हा असे तिन्ही आले. मग त्या उपड्या बादलीवर बसल्या. हात कोपरापर्यंत राखाडी.

"शाडू विरघळत नाही," त्या म्हणाल्या. "नुसता मऊ होतो. पाणी पुढे जातं, तो वाकणात बसतो. वर साबण धरतो. जानव्यात केस अडकतात. आठ दिवसांत बूच."

"काकू, उद्या आपलं नाव नका काढू. बाकीच्यांनीही हेच केलं असणार."

"असणारच. एवढा उंदीर आपला नव्हता."

"मग?"

"पाईप एकच आहे. त्यातलं माझं तेवढं वेगळं कसं काढू? चल, वर जा. वल्लरीच्या बाथरूममधून दहा बादल्या सोड. एकदम."

मी सोडल्या. खाली येईपर्यंत चेंबरमध्ये पाणी धो धो पडत होतं. मोरी कोरडी होती. काकूंनी झाकण लावलं, बोल्ट आवळले आणि भात लावायला गेल्या.

रविवारी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पद्माकररावांच्या मांडीवर सभेची वही होती. काकू घमेलं घेऊन आल्या आणि ते मधोमध ठेवलं. वर धुतलेला उंदीर.

"हे मेसचं तेल," काकू म्हणाल्या.

लोक वाकून बघू लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या रसिकाताईंनी हात जोडले. मग एकदम खाली घेतले.

"अहो, देव असा घमेल्यात?" पद्माकरराव म्हणाले.

"मोरीत घातला तेव्हा चालला. मी घमेल्यात काढला तर चालत नाही?"

"तुम्ही आरोप करताय, कुमुदिनीबाई."

"कबुली देतेय. पहिली बादली माझ्या घरची. या निहारने माझ्या मोरीत ओतली."

मी उभा राहिलो. पुन्हा बसलो.

पद्माकररावांचा चेहरा उजळला. त्यांनी पेन उघडलं. "म्हणजे कारण मेसच. तेल नसेल, पण मेसच. मग ठराव मतदानाला घेऊ या."

काकू खुर्चीत मागे टेकल्या. मला पहिल्यांदा त्या म्हाताऱ्या वाटल्या.

"एक मिनिट, काका," वल्लरी म्हणाली. "आमची पण बादली मोरीतच गेली. मला वाटलं बाथरूमचं पाणी क्लीन असतं."

पेन थांबलं.

"आमचीही," रसिकाताई घमेल्याकडे न बघता म्हणाल्या. "फ्लश करणं बरं दिसत नाही ना."

पहिल्या मजल्यावर केरळचे डॉक्टर राहतात. त्यांच्याकडे गणपती नव्हता. ते उगाचच अपराधी दिसत होते.

आता सगळे पद्माकररावांकडे बघू लागले. ते वहीकडे बघू लागले. शेवटी मागच्या खुर्चीवरून त्यांच्या पत्नी कल्पनाताई म्हणाल्या, "अहो, सांगून टाका ना. आपला दोन फुटांचा होता. तीन दिवस मी त्या बाथरूममध्ये पाय टाकू शकले नव्हते."

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. डॉक्टरांना वल्लरीने हिंदीत समजावलं, ते सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त हसले.

"तर मग ठराव असा करा," काकू म्हणाल्या. "पाईप तुंबवणारं सगळं बंद. माझी मेस बंद आणि तुमचे गणपती बंद. नाहीतर दोन्ही चालू. हात वर करा."

गणपती बंद करायला एकही हात वर गेला नाही.

लोक खुर्च्या रचू लागले. वल्लरीने घमेलं उचललं आणि गच्चीवर कुंड्यांकडे नेलं. काकूंना घाई होती. बावीस पोरं एक वाजता जेवायला येणार होती. पद्माकरराव वही घेऊन त्यांच्यामागे मेसच्या दारापर्यंत आले.

"कारण काय लिहू? गणपती लिहिणं बरं दिसणार नाही. तांत्रिक कारण लिहितो."

"काहीही लिहा. देवाचं नाव घ्या, नका घेऊ, तुमचं तुम्ही बघा. पण तेल नव्हतं, एवढं लिहा."

"ते ओघाने येतंच."

"ओघाने नको. वेगळी ओळ."

पद्माकररावांनी दारात उभ्याउभ्याच लिहिलं : "मेसच्या तेलाचा संबंध नव्हता. मेस चालू राहील." काकूंनी हात पदराला पुसले, चष्मा मागवला, दोन्ही वाक्यं बोट ठेवून वाचली आणि सही केली.

"जेवून जा," त्या पद्माकररावांना म्हणाल्या. "वांग्याची भाजी आहे. तेल जरा जास्त झालंय."