मैदानावर टाकलेला गाळ

आमच्या फुटबॉलच्या क्लबाला आज स्वतःचं मैदान नाही, आणि ते गेलं माझ्यामुळं. गावात सगळ्यांना हे माहीत आहे, पण माझ्या तोंडावर कोणी बोलत नाही. म्हातारा माणूस म्हणून गप्प राहतात. मला ती दया नको, म्हणून मीच लिहून ठेवतो. मी तिसरीपर्यंत शिकलो, ती तिसरीपण अर्धीच. अक्षर वाकडं आहे, पण लिहितो ते खरं.

मी मूळचा दोंडाईच्याकडचा. पोटासाठी सावद्याकडे आलो आणि केळीच्या कापणीत शिरलो. आधी घड वाहिले, पुढं टोळीचा मुकादम झालो. एवढी वर्षं इकडं काढली तरी 'आहे'ऐवजी तोंडात येणारं अहिराणी 'शे' काही गेलं नाही. इकडची बोली वेगळी, त्यामुळं पोरं मला चिडवायची, "आबा, गोल व्हयना शे का?" मी म्हणायचो, "व्हयना शे, आते गुपचूप खेळा."

फुटबॉलातलं मला काही कळत नव्हतं. गुडघे गेले तेव्हा टोळी पोराच्या हवाली केली आणि मी रिकामा झालो. टोळीतल्या मजुरांची पोरं रस्त्यावर चेंडू लाथाडत. तो केळीच्या ट्रकांवर जाऊन आदळे, ड्रायव्हर आईमाईवरून शिव्या देत. शाळेत खेळ शिकवणारा एक तरुण मास्तर होता, जळगावला कॉलेजात असताना स्वतः खेळलेला. त्याला सगळे सर म्हणत. तो एकदा माझ्या ओट्यावर येऊन बसला अन् म्हणाला, "आबा, पोरं मी शिकवतो, जागा तुम्ही बघा. तुमचा शब्द कोणी मोडत नाही."

ते खरं होतं. ज्याची केळी मी सगळ्यात जास्त वर्षं कापली तो नाना, माझ्याच वयाचा. फैजपूरच्या रस्त्याला त्याचा एक मुरमाड माळ पडून होता. तिथं कुसळसुद्धा उगवत नसे. मी विचारलं तर नाना हसला. "घेऊन जा ना. तिथं नाहीतरी कुत्रंसुद्धा थांबत नाही." एवढाच आमचा करार. बांबूचे चार खांब मी स्वतः रोवले.

आधी डझनभर पोरं होती. मग सावद्याच्या गल्ल्यांतून शिंप्या-सुतारांची आली, सातपुड्याच्या पायथ्याची तडवी पोरं आली. ती अनवाणी पळायची, आणि बूटवाल्यांना मागं टाकायची. एका संध्याकाळी तीन पोरी माळाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. सर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "बघतो काय? त्या काय नजर लावायला आल्या का? घे त्यांना." दोन वर्षांत पोरींचा पुरा संघ झाला. माझी नातपण त्यात होती. पण सगळ्यांत जिवट होती ती गोली, म्हणजे गोल राखणारी. माझ्या शेजारच्या टेलर मास्टरची मुलगी. अंगानं एवढीशी, पण चेंडू आला की अंग झोकून द्यायची. त्या मुरमावर!

मग सरांनी जळगाव-धुळे दोन्ही जिल्ह्यांच्या सामन्यांत संघ उतरवायचं ठरवलं. तिथला नियम असा, की निम्मे सामने आपल्या गावात भरवायचे. जिल्ह्याची माणसं येऊन मैदान बघणार, पसंत करणार. पसंत नाही पडलं तर आपल्या वाट्याचे सामनेसुद्धा जळगावला नाहीतर धुळ्याला जाऊन खेळायचे. पोरांचं काही नव्हतं, ती कशालाही लटकून कुठंही गेली असती. प्रश्न पोरींचा होता. टेलर मास्टरनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "देखो आबा, गावात आहे तोवर खेळू दे. तुम्ही बसलेले असता, मला काळजी नाही. पण बाहेरगावी नाही पाठवणार." बाकी घरांतही हेच. माझ्या स्वतःच्या पोरानंही तेच सांगितलं, दुसऱ्याला काय बोलू? म्हणजे माळ पसंत पडला तर पोरींचा संघ राहणार, नाहीतर मोडणार. गोष्ट एवढी सोपी होती.

त्या उन्हाळ्यात टेलर मास्टर पोरीला घेऊन माझ्या ओट्यावर आला. तिच्या बाह्या वर करून दाखवल्या. दोन्ही कोपरं सोललेली, एक गुडघा पिकलेला. "आबा, हे तुमचं मैदान आहे का किसणी?" पोरगी मागून म्हणत होती, "अब्बा, चला ना, काही दुखत नाही." ती माझ्याकडे बघेना, तिलाच लाज वाटत होती. मला ते 'किसणी' फार लागलं.

गावचा तलाव तेव्हा आटला होता आणि शेतकरी गाळ वाहत होते. इकडं गाळाला सोनं म्हणतात. जन्मभर मी मातीतच राहिलो. कुठल्या वावरात घड भरतो नि कुठं नाही, हे नुसत्या पायानं सांगायचो. माझ्या डोक्यात आलं की माळावर गाळ टाकायचा, म्हणजे जमीन गादीसारखी होईल. पोरगी कितीही पडो.

सरांना कळलं तसा तो सायकलवरून धावत आला. "आबा, काळी माती नका टाकू. मैदानाला मुरूमच पाहिजे. वरून थोडी तांबडी माती, पाणी आणि रोलर. मी जळगावहून विचारून आलो."

"तू माले माती शिकाडस का?" मी सगळ्यांसमोर म्हटलं. "तुझं वय किती, माझ्या हाताखालून गेलेली माती किती!"

"शेताची माती तुम्हांला कळते आबा. ही शेताची गोष्ट नाही."

"जमीन ती जमीन. पुस्तकातली वेगळी असेल, तर ती तुझ्या शाळेत टाक."

पोरं हसली. सर हसला नाही. तो गेला. मला वाटलं, जिंकलो.

ज्यांची केळी कापली त्या सगळ्यांकडून मी ट्रॅक्टर मागून आणले. एकानंही नाही म्हटलं नाही. टोळीतले जुने गडी फावडी घेऊन आले. चार दिवस गाळ पडत होता. मग मी बैलजोडी जुंपून फळी मारून घेतली, पेरणीआधी मारतात तशी. माळ काळाभोर, सपाट, दृष्ट लागावी असा दिसायला लागला. नाना बघायला आला. वाकून त्यानं मूठभर माती घेतली, बोटांत मळली, वास घेतला.

"आबा, तू तर माझ्या माळाचं वावर करून टाकलं!"

मी फुगलो. मला वाटलं, माझं कौतुक चाललंय.

पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला. पाय घोट्याच्या वर जायचा. चेंडू पडला की तिथंच रुतून बसायचा. माळावर पूर्वी पाणी पडलं की तासाभरात वाहून जाई, पोरं परत खेळत. आता दिवसच्या दिवस पाणी उभं. मग गवत आलं, कमरेएवढं. पोरं पुन्हा रस्त्यावर गेली. पोरी घरी बसल्या, रस्त्यावर त्या कशा खेळणार? मी म्हणायचो, "पाणी उघडू द्या, मग बघा." पाणी उघडलं. ओल्यात गुरं घुसली होती, त्यांच्या खुरांचे खड्डे तसेच वाळून टणक झाले. गवत मी स्वतः कापलं, गुडघे आवळून बसत बसत. सरांनी कुठून तरी रोलर आणून फिरवला. आठ दिवसांत जमीन फाटली. काळी माती वाळली की फाटते, हे खान्देशातलं शेंबडं पोरगं सांगेल. मला का सुचलं नाही? वावरात भेग पडली तर पाणी देतात आणि विसरतात. वावरात कोणी धावत नाही.

दिवाळीनंतर जिल्ह्याची दोन माणसं मैदान बघायला आली. पोरी न्हाऊनधुऊन ओळीत उभ्या होत्या, एकसारख्या टी-शर्टात. गोलीनं सुद्धा नवे हातमोजे घातले होते. त्यातल्या एकानं खिशातला पेन काढला आणि भेगेत उभा धरला. पेन टोपणापर्यंत आत गेला. माणूस सज्जन होता, आवाज न चढवता बोलला.

"आबा, माती फार चांगली आहे हो. पण यात पोरींचे पाय मोडतील."

ते गेले. पोरी तशाच ओळीत उभ्या. त्यांना कोणी जा म्हणून सांगितलं नव्हतं.

सर माझ्याजवळ आला. म्हणाला, "आबा, अजून गेलं नाही काही. यंत्र लावू, गाळ उचलू, खाली मुरूम आहेच. उन्हाळ्याच्या आत मैदान तयार करू, पुन्हा बोलावू त्यांना." मी म्हटलं, "माती बसायला एक साल लागतं. बसली का दगड व्हस." तो हात जोडून म्हणाला, "आबा, चुकलं एवढं म्हणा. ट्रॅक्टरवाले तुमच्या शब्दावर आले होते, तुम्ही म्हणाल तरच परत येतील. बाकी सगळं आम्ही करतो."

हे मी म्हटलं नाही. आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं. बायकोला नाही, पोराला नाही, तर कालच्या मास्तराला म्हणणार? मी काठी घेतली आणि घरी आलो. ते एक साल मी स्वतःच घेऊन टाकलं, कोणी दिलं नव्हतं तरी.

त्या सालात काय झालं, तर नानाच्या पोरानं ते कमरेएवढं गवत पाहिलं होतं. कुसळ न उगवणाऱ्या माळावर गवत! त्यानं माती तपासायला दिली, बोअर घेतली, पाणी लागलं. एका सकाळी नाना माझ्याकडे आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "आबा, पोरगा माळावर केळी लावतो म्हणतो."

मी म्हटलं, "अन् पोरं कुठं खेळतील?"

"मी तेच बोललो त्याला. तो म्हणे, तिथं आता कोण खेळतं?" नाना खाली बघून बोलत होता. "तू गाळ काढून घेतला असता तर मी त्याला हात लावू दिला नसता, देवाशपथ. मी वाट पाहिली आबा. सर मला येऊन विचारून गेले होते, मी म्हटलं, काढा. पण ते म्हणाले, आबा नाही म्हणतात."

नानाला मी काय बोलणार? माळ त्याचा. कामाचा नव्हता तोवर आमचा होता, मी त्याला कामाचा करून दिला. वर तो मलाच विचारायला लागला, "रोपं किती अंतरावर लावू?" वाईट हेतूनं नाही, सवयीनं. इतकी वर्षं तो मलाच विचारत आला. आणि मी सांगितलं. तेसुद्धा सवयीनंच.

पोरांचा क्लब चालू आहे, उलट वाढलाच आहे. सर पन्नास ठिकाणी अर्ज करतो, नगरपालिकेत जातो, आमदाराकडे जातो. सगळे म्हणतात, बघू. पोरं आपले सामने दुसऱ्याच्या गावात जाऊन खेळतात. यंदा पोरींच्या संघाचं नाव पण त्यानं हट्टानं दिलं. पहिला सामना आमच्या वाट्याचा, म्हणजे गावात व्हायचा, तो धुळ्याला लागला.

मी घरोघर गेलो. पोरानं, म्हणजे माझ्याच, ताटावरून मान वर न करता नाही म्हटलं. बाकीच्यांनी मान दिला, चहा दिला आणि नाही म्हटलं. टेलर मास्टरकडे मी शेवटी गेलो. पुढच्या खोलीत तो कापड बेतत होता, आतल्या दारापाशी पोरगी मशीनवर बसली होती. शाळा झाली की ती आता बापाच्या हाताखाली काम करते. मी उभ्या उभ्याच बोललो.

"मास्टर, चुकी मनी शे, माझीच. मी तो गाळ टाकला. सरनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्याची शिक्षा पोरीला नको. मी स्वतः सोबत जातो, दिवस मावळायच्या आत आणून सोडतो."

आयुष्यात पहिल्यांदा मी ते बोललो. वाटलं होतं, बोललो की काहीतरी हलेल.

मास्टरनं कात्री खाली ठेवली. उठून मला खुर्ची दिली. म्हणाला, "आबा, असं नका बोलू, मला बरं वाटत नाही. चूक तुमची असो का कोणाची. धुळं तर धुळ्यालाच आहे ना?"

आतलं मशीन थांबलं होतं. पोरगी आतून म्हणाली, "आबा, बाकीच्या जाताय ना?"

"नाही गं."

"बठ्ठ्या?" 'सगळ्या' म्हणायचा हा शब्द तिनं माळावर माझाच उचललेला. इकडं कोणी तो बोलत नाही.

"बठ्ठ्या," मी म्हटलं.

तिनं कापड सरळ केलं, सुईखाली धरलं आणि मशीन पुन्हा सुरू झालं.